अतिवृष्टीचं अनुदान, बँकेचा होल्ड आणि नादारीचा अर्ज : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू कास्तकाराचं आहे. त्यांची ओळख लपवण्यासाठी नाव बदललं आहे, गाव सांगितलेलं नाही आणि काही तपशील थोडे हलवले आहेत. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. सरकारी मदत आणि थकलेलं कर्ज एकाच पासबुकात समोरासमोर आलं की काय होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. या प्रकरणात ते सगळे धागे एकत्र आले होते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ज्ञानेश्वरभाऊंची सात एकर जमीन, म्हणजे सातबाऱ्यावर २ हेक्टर ८० आर. कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीची तासं. विहीर आहे, पण पाणी फार तर जानेवारीपर्यंत पुरतं. घरात पत्नी सुनंदाताई, म्हातारी आई आणि दोन मुलं.

जून २०१८ मध्ये त्यांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून १ लाख ८० हजारांचं पीककर्ज उचललं. त्या वर्षी पाऊस मध्येच थांबला. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात त्यांचाही तालुका होता. कर्ज फिटलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी व्याजासह थकबाकी दोन लाखांपर्यंत असेल तर माफी, अशी अट होती. ज्ञानेश्वरभाऊंची त्या दिवशीची थकबाकी होती २ लाख ४ हजार. चार हजारांनी ते यादीबाहेर राहिले. चार हजार भरून आत येता आलं नसतं का, असं मला अनेकांनी विचारलं. नसतंच आलं. योजना जाहीर झाली डिसेंबरात आणि हिशेबाची तारीख धरली तीन महिने आधीची.

पुढची तीन वर्षं खात्यावर व्याज चढत राहिलं. थकबाकीदाराला नवं पीककर्ज मिळत नाही, त्यामुळे पेरणीचा पैसा बाहेरून आला. गावातल्या एकाकडून दीड लाख हातउसने घेतले आणि वचनचिठ्ठीवर सही करून दिली. कृषी केंद्राची उधारी वाढली. सुनंदाताईंनी मायक्रोफायनान्सचं कर्ज उचललं, त्याचा हप्ता दर आठवड्याला. माझ्याकडे आले तेव्हाचा हिशेब असा होता : बँक २ लाख ८० हजार, हातउसन्याचा कोर्टाचा हुकूमनामा व्याजासह १ लाख ७२ हजार, कृषी केंद्र ३८ हजार, मायक्रोफायनान्स ४० हजार. एकूण ५ लाख ३० हजार.

हुकूमनामा एकतर्फी झाला होता. समन्स आलं होतं, त्यांनी ते घेतलं आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. देणं खरं आहे, मग कोर्टात जाऊन काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. फार जण असंच समजतात.

जुलै २०२२ मध्ये विदर्भात पाऊस कोसळला. त्यांचं नाल्याकाठचं वावर आठवडाभर पाण्याखाली होतं. सोयाबीन पिवळं पडून बसलं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जागेवर सुकली. ऑगस्टमध्ये सरकारने मदतीचा दर दुप्पट केला : कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० च्या ऐवजी १३,६००, आणि मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर. पंचनाम्यात त्यांचं २ हेक्टर ४० आर क्षेत्र ३३ टक्क्यांहून जास्त बाधित म्हणून लागलं. मदत निघाली ३२,६४० रुपये.

पेच कुठे पडला

ऑक्टोबरच्या मध्यावर पैसे खात्यात पडले. १७ ऑक्टोबरला पीएम किसानचा बारावा हप्ता सुटला, त्याचे दोन हजारही आले. दिवाळी आठवड्यावर होती आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर. ज्ञानेश्वरभाऊ बँकेत पैसे काढायची स्लिप घेऊन उभे राहिले, तेव्हा काउंटरवरून सांगितलं गेलं की खात्याला होल्ड आहे.

माझ्याकडे आले तेव्हा पासबुक पुढे सरकवून म्हणाले, "साहेब, पैसे आलेले दिसतात, पण काढता येत नाहीत. मंग हे पैसे कोनाचे?"

या प्रश्नाला त्या दिवशी तीन वेगवेगळी उत्तरं होती. बँकेचं म्हणणं असं की कर्जदाराची जी रक्कम बँकेच्या हातात आहे तिच्यावर बँकेचा धारणाधिकार, म्हणजे देणं फिटेपर्यंत ती रोखून धरायचा हक्क, असतो, करार अधिनियमाचं कलम १७१ तेच सांगतं. शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं की मदतीच्या रकमेतून कोणत्याही बँकेने कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. आणि हुकूमनामावाल्या सावकाराच्या वकिलांनी दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या कामात, अर्ज दिला होता की ऋणकोचं, म्हणजे देणेकऱ्याचं, बँक खातं जप्त करावं. त्या अर्जावर अजून हुकूम झालेला नव्हता, पुढची तारीख नोव्हेंबरातली होती.

त्यातच चौथी गोष्ट आली. सुनंदाताईंचे भाऊ मुंबईला एका कंपनीत आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं, "भाऊजी, आता कायदा आलाय. दिवाळखोरी जाहीर करा, सगळं कर्ज उडतं." ज्ञानेश्वरभाऊ तेच डोक्यात घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांना नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायचा होता.

समोर असलेले रस्ते

आधी नादारीचं पाहिलं, कारण घरातल्या सगळ्यांची आशा त्यावर लागली होती.

मेहुणे ज्या कायद्याबद्दल बोलत होते ती २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता. तिच्यात सामान्य माणसासाठी तिसरा भाग आहे, पण तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेला आहे. शेतकरी, नोकरदार, छोटा दुकानदार यांच्यासाठी तो लागू नाही. त्यातली गरिबांसाठीची 'नवी सुरुवात' प्रक्रिया लागू असती तरी तिची अट अशी की एकूण पात्र कर्ज ३५ हजारांच्या आत हवं. इथे ते पाच लाखांवर होतं.

मग उरतो जुना प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे, यवतमाळला हा लागतो. पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त देणं असलेला आणि ते फेडू न शकणारा माणूस या कायद्याखाली अर्ज करू शकतो. म्हणजे दार उघडं होतं. आत गेल्यावर काय होतं, ते मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं.

नादार ठरल्याबरोबर माणसाची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. शेतकऱ्याचं राहतं घर, औतं-अवजारं, गरजेपुरते बैल आणि बियाणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे वाचतं. जमीन वाचत नाही. सात एकर कोरडवाहूला एकरी पाच लाख धरले तरी पस्तीस लाखांची मालमत्ता होते. देणं सव्वापाच लाखांचं. अशा माणसाला कोर्ट आधी विचारेल की तू नादार कसा. आणि नादार ठरवलंच, तर रिसीव्हर जमीन विकून सगळ्यांना देईल. ज्या जमिनीसाठी हे सगळं चाललंय तीच पहिली जाईल.

दुसरं म्हणजे, बँकेचा सातबाऱ्यावरचा बोजा नादारीने हलत नाही. तारण घेतलेल्या धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, हक्क हा कायदा तसाच ठेवतो.

तिसरी गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. याच कायद्याच्या कलम २८ नुसार, नादार ठरल्यानंतर आणि कोर्टाकडून देण्यांतून मुक्तता मिळेपर्यंत माणसाला जे जे मिळेल तेही रिसीव्हरकडे जातं. त्या काळात गारपीट झाली आणि पुन्हा मदत आली, तर ती मदत कोणाची, हा वाद उभा राहू शकतो. कलम ६० ची सवलतींची यादी मी त्यांच्यासमोर उघडली. तिच्यात आपत्तीच्या अनुदानाचा वेगळा उल्लेख नाही. शासन निर्णय बँकांना सांगतो, पण रिसीव्हरला किंवा हुकूमनामा घेऊन बसलेल्या खासगी धनकोला तो बांधत नाही.

हे असंच असलं पाहिजे असं नाही. अमेरिकेत कोरोनाच्या काळात लोकांच्या खात्यात थेट मदत जमा झाली, तेव्हा नेमका हाच प्रश्न आला होता. २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने तिथल्या संसदेने ती मदत दिवाळखोराच्या मालमत्तेतून एका वर्षासाठी वगळली. आपल्याकडे ते संरक्षण परिपत्रकाच्या एका ओळीवर उभं आहे. कलम ६० मध्ये राज्यालाही दुरुस्ती करता येते. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरा रस्ता ज्ञानेश्वरभाऊंनीच सुचवला : होल्ड सुटला की सगळे पैसे सावकाराला देऊन टाकायचे, म्हणजे तो शांत बसेल. याला मी ठाम नाही म्हटलं. पेरणीचा पैसा गेला की उन्हाळ्यात पुन्हा त्याच दारात जावं लागलं असतं. शिवाय नादारीचा विचार अजून मनातून गेला नव्हता, आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन केलेलं देणं कोर्ट रद्द करू शकतं. दोन्हीकडून नुकसान.

तिसरा रस्ता म्हणजे कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत वाढवून घेणं. आपत्तीनंतर बँका पुनर्गठन करतात, पण रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या निर्देशांनुसार आपत्तीच्या दिवशी कर्ज थकीत नसेल तरच. त्यांचं कर्ज २०१९ पासून थकीत. ते दार बंद होतं.

चौथा रस्ता बँकेच्या एकरकमी तडजोडीचा. शाखेने तोंडी आकडा सांगितला तो दीड लाखाच्या आसपास, तोही एकदम. एवढे पैसे कुठून आणायचे, आणि तडजोड केली तर हीच बँक पुन्हा पीककर्ज देईल याची खात्री काय?

राहिला पाचवा : होल्ड काढायला लावणं. रक्कम लहान होती, पण हंगाम त्या रकमेवर अडला होता. आधी हे, बाकीचं नंतर, असं ठरलं.

काय केलं

पहिला अर्ज शाखाधिकाऱ्यांना. अर्ज एका पानाचा, सोबत शासन निर्णयाची प्रत आणि वसुलीबंदीच्या ओळीखाली पेनाने रेघ. तहसीलच्या यादीतलं नाव आणि रक्कम दाखवणारं पान, पासबुकाची झेरॉक्स. अर्ज दोन प्रतींत केला आणि एका प्रतीवर पोहोचचा शिक्का घेतला. हा शिक्का मिळवायला अर्धा दिवस गेला, कारण "साहेब आले की देऊ" असं चाललं होतं. तरी तो घेतल्याशिवाय तिथून हलू नका असं मी सांगितलं होतं. तोंडी विनंतीला पुढे काहीच वजन राहत नाही.

शाखाधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं की होल्ड शाखेने लावलेला नाही, एनपीए, म्हणजे बुडीताकडे गेलेल्या, खात्यांना सिस्टिममधूनच लागतो आणि काढायला वरून मंजुरी लागते. हे खरं असावं. पण यंत्रणेला पीएम किसानचे दोन हजार, आपत्तीची मदत आणि सोयाबीन विकून आलेला पैसा यांतला फरक कळत नाही. तो कळवून देणं हे कोणाचंच काम ठरलेलं नाही, आणि नेमकं तिथेच माणूस अडकतो.

त्याच अर्जाच्या प्रती तहसीलदार, जिल्हा उपनिबंधक आणि अग्रणी बँकेचे (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेचे) जिल्हा व्यवस्थापक यांना दिल्या. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं म्हटलं तर आधी बँकेकडे तक्रार करून तीस दिवस थांबावं लागतं. तोवर हरभऱ्याचा हंगाम निघून गेला असता. म्हणून तो मार्ग राखून ठेवला आणि महसूल खात्यावर जोर दिला. त्याच गावातले आणखी काही खातेदार असेच अडकले होते, त्यांच्या सह्या घेतल्या. एकट्याच्या अर्जापेक्षा गावाच्या यादीला तहसीलात लवकर उत्तर मिळतं.

दरम्यान दरखास्तीत वकीलपत्र दाखल केलं. पूरग्रस्ताला विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करून ती सोय घेतली. कोर्टात आमचं म्हणणं मांडलं की खात्यातली रक्कम ही आपत्तीची मदत आहे, तिचा उद्देश पुढची पेरणी आहे, आणि जप्तीचा विचार करताना हे पाहावं. कायद्याच्या अक्षराने आमची बाजू कमकुवत होती, हे मी ज्ञानेश्वरभाऊंपासून लपवलं नाही.

नादारीचा अर्ज केला नाही. हा निर्णय त्यांनी सुनंदाताईंसोबत बसून घेतला. मी पस्तीस लाख आणि सव्वापाच लाखांचा हिशेब मांडल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "जमीन विकूनच फेडायचं असन, तर एक एकर आपणच विकू. कोर्टाच्या हातानं सात कायले विकायचे?" त्या एका वाक्याने विषय संपला.

शेवटी काय झालं

तहसीलचं पत्र बँकेत गेलं, अग्रणी बँकेतून फोन गेला, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होल्ड निघाला. दिवाळी कोरडी गेली होती. जप्तीच्या अर्जावर तोवर हुकूम झालेला नव्हता, त्यामुळे पैसे काढायला कायद्याची आडकाठी नव्हती. बियाणं, खत, फवारणी यांची पक्की बिलं जपून ठेवा, कोर्टाने विचारलं तर मदत पेरणीतच गेली हे दाखवता आलं पाहिजे, असं सांगितलं. त्यांनी ती बिलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला आणून दाखवली.

हरभरा पाच एकरांत पेरायचा बेत होता. उशीर झाला, ओल उडाली, तीन एकरच पेरला. अनुदान मिळालं, पण ज्या कामासाठी होतं त्याचा वेळ अर्धा निघून गेला होता. कागदावर हे प्रकरण 'निकाली' दिसतं. वावरात ते तसं नव्हतं.

हुकूमनाम्याची तडजोड फेब्रुवारी २०२३ च्या लोकअदालतीत झाली : १ लाख ७२ हजारांच्या जागी १ लाख ३० हजार, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता तूर विकून भरला. धनकोनेही फार ताणलं नाही. त्यांच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हा प्रश्न आम्ही उघडपणे विचारला होता. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. मूळ दाव्यात हा मुद्दा कोणी घेतलाच नाही, कारण घ्यायला कोणी हजर नव्हतं.

बँकेचं कर्ज तसंच राहिलं. बोजा सातबाऱ्यावर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा निर्णय होल्डच्या आधी, नकळत झाला होता. पंचनाम्यानंतर तलाठ्यांनी खाते क्रमांक मागितला, तेव्हा ज्ञानेश्वरभाऊंनी घरातलं एकमेव पासबुक दिलं, म्हणजे कर्जाच्याच बँकेचं. त्या दिवशी पोस्टातलं किंवा दुसऱ्या बँकेतलं स्वतःचं खातं दिलं असतं तर होल्डचा प्रश्नच आला नसता. हे काही लपवणं नाही. मदत कोणत्या खात्यात घ्यायची हे ठरवायचा हक्क खातेदाराला आहे. २०२३ पासून पद्धत बदलली. यादीत प्रत्येकाला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) येऊ लागला, त्यावर सेतूत ई-केवायसी करावी लागे आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. त्यामुळे तलाठ्याला कोणतं पासबुक दिलं यापेक्षा आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे हे महत्त्वाचं झालं. कर्ज थकलेलं असेल तर पावसाळ्याच्या आधीच ते तपासून, हवं तर बदलून घ्यावं. यादी लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

दुसरं २०१८ चं. दुष्काळ जाहीर झाला तेव्हा कर्ज चार महिन्यांचं होतं, थकीत नव्हतं. त्या वेळी पुनर्गठनाच्या फॉर्मवर सही केली असती तर मुदत वाढली असती आणि खातं नियमित राहिलं असतं. गावात तेव्हा बोललं जात होतं की पुनर्गठन केलं तर कर्जमाफीतून नाव जाईल. त्या भीतीपोटी सही राहिली. माफी तरीही मिळाली नाही. इथे मी ज्ञानेश्वरभाऊंना दोष देणार नाही. माफी कधी येईल, कोणती तारीख धरतील, काय अट लावतील हे कोणालाच ठाऊक नसताना शेतकऱ्याने अंदाजावर निर्णय घ्यावा, ही व्यवस्थाच त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

तिसरं, समन्स. देणं खरं असलं तरी तारखेला जावं लागतं. व्याज किती, परवाना आहे का, हप्ते मिळतील का, हे तिथेच ठरतं. फेब्रुवारीत जी तडजोड झाली ती दोन वर्षं आधी, याहून कमी रकमेत होऊ शकली असती.

नादारीबद्दल माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यासाठी १९२० चा कायदा संरक्षण नाही. भूमिहीन मजूर, किंवा धंदा बुडालेला आणि नावावर काहीच नसलेला माणूस हुकूमनाम्याखालच्या अटकेच्या भीतीत असेल तर त्याला त्याचा आधार होऊ शकतो. तिथेही सरकारी देणी नादारीने सुटत नाहीत, आणि मुक्तता मिळेपर्यंत आलेली मदत हातात राहील याची हमी नाही. अर्ज करायचाच असेल तर आलेली मदत आधी ज्या कामासाठी आली त्यात खर्च झालेली असावी, आणि प्रत्येक रुपयाचं बिल असावं.

ज्ञानेश्वरभाऊंनी मार्च २०२३ मध्ये पोस्टात खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडून घेतलं. लोकअदालतीचा दुसरा हप्ता कापसावर होता. भाव पडल्यामुळे तो दोन महिने उशिरा भरला गेला, धनकोने त्यावर हरकत घेतली नाही.